साडूंचा बेडूक

पाचला पाच मिनिटं कमी असताना गुरुजी जेवणाच्या टेबलावर दोन पेन्सिली, एक खोडरबर आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा मांडून ठेवत. पाच वाजता नात यायची, समोर बसायची आणि तासभर आजोबा-नातीचं गणित चालायचं. दोन वर्षं हा शिरस्ता होता. गेले तीन आठवडे मात्र पाच वाजता फक्त पाच वाजत होते.

नात नऊ वर्षांची. एका जागी ठरत नसे म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. पाचाच्या ठोक्याला ती पायात चपला सरकवायची, "आलेच" म्हणायची आणि रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पोचायची. तिथे गुरुजींचे साडू राहत. सहाला ती परत यायची ती हसत. तिच्या जाण्यापेक्षा हे हसणंच गुरुजींना जास्त लागे. छत्तीस वर्षं गणित शिकवताना त्यांनी तासावरून समाधानाने उठलेली मुलं पाहिली होती, सुटकेने उठलेली तर ढिगाने पाहिली होती. हसत उठलेलं मूल काही आठवत नव्हतं.

साडू हे नातं मोठं नाजूक. भावाशी माणूस वाटणीपुरता भांडतो, शेजाऱ्याशी भिंतीपुरता. साडूशी भांडण नसतंच, तुलना असते. आणि ती करायला दोन सख्ख्या बहिणी जन्मभर हजर असतात. साडूंनी पहिल्यांदा स्कूटर घेतली तेव्हा गुरुजींना सायकल आरोग्याला चांगली असते हा शोध लागला. साडूंच्या घरात फ्रिज आला तेव्हा ताज्या अन्नाचं महत्त्व कळलं. पण ह्या सगळ्यात एक क्षेत्र गुरुजींचं स्वतःचं होतं. साडूंनी आयुष्यभर पाण्याचे पंप विकले होते. गणिताच्या वाटेला ते कधी गेले नव्हते.

आणि निवृत्तीनंतर ह्याच माणसाने ओळखीच्या कोणाकडून तरी फोनवरचं पाढ्यांचं अ‍ॅप बनवून घेतलं. त्यात एक बेडूक होता. उत्तर बरोबर आलं की तो पुढच्या पानावर उडी मारी, चुकलं की पाण्यात पडे.

"बेडूक पाहिलात का?" वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी गुरुजींना जिन्यात गाठून विचारलं.

"पावसाळ्यात बरेच पाहिले आहेत," गुरुजी म्हणाले.

"तुमच्या साडूंचा हो. कमाल केली त्यांनी ह्या वयात. खरं म्हणजे हे तुम्हाला सुचायला हवं होतं, नाही का?" डॉक्टर आवाजात कळवळा आणून म्हणाले. दात उपटतानाही ते असंच बोलत असावेत.

गुरुजी घरी आले आणि पंख्याखाली बसले.

"तोंड का पाडलंय?" काकूंनी विचारलं. काकू म्हणजे गुरुजींची बायको. सगळी इमारतच त्यांना काकू म्हणे.

"कुठे पाडलंय. ते असंच असतं."

"बेडकाचं लागलंय तुम्हाला."

"मला एका बेडकाचा मत्सर वाटेल असं वाटतं तुला?"

"बेडकाचा नाही," काकू म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या अर्ध्या वाक्यावर थांबायला शिकल्या होत्या. उरलेलं अर्धं गुरुजींना स्वतःच पुरं करावं लागे, आणि ते जास्त झोंबे.

मुलगा जहाजावर नोकरीला असल्यामुळे घरात सल्ला विचारण्याजोगं माणूस एकच होतं, सून. ती दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका टीमची प्रमुख होती आणि आतल्या खोलीतून काम करत असे. रोज सकाळी साडेनऊला ती लॅपटॉपसमोर उभी राही, आणि पडद्यावर आणखी आठ जण आपापल्या घरी उभे दिसत. पंधरा मिनिटांनी सगळे बसत. इतक्या शिकलेल्या माणसांना रोज सकाळी कोण उभं करतं आणि कुठल्या गुन्ह्यासाठी, हे विचारायचं गुरुजींच्या फार दिवस मनात होतं. पण आज विषय वेगळा होता.

"मला एक अ‍ॅप पाहिजे," ते म्हणाले.

"कसलं, बाबा?"

"बेडकापेक्षा चांगलं."

सून हसली नाही, हा तिचा मोठेपणा. "कोणासाठी? आणि त्यांना नेमकं काय हवंय?"

"मुलांसाठी. आणि मुलांना काय हवंय हे तू छत्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला विचारतेस?"

प्रश्न तिथेच राहिला. तो राहायला नको होता. पण सासऱ्यांना एकदा विचारलेला प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला सुनेला जरा वेळ लागतो.

गुरुजींची कल्पना साधी होती. पहिली ते सातवीचं सगळं गणित अ‍ॅपमध्ये घालायचं, सहा महिन्यांनी ते पूर्ण झालं की साडूंच्या समोर ठेवायचं आणि काही बोलायचं नाही. फक्त उभं राहायचं.

"असं नको," सून म्हणाली. "मुलांना मोठा भागाकार देता, तेव्हा नुसतं शेवटचं उत्तर बघता की पायऱ्या बघता?"

"पायऱ्या. दर पायरीला वही दाखवायला लावतो."

"का?"

"पहिल्या पायरीत चूक झाली तर तिथेच सापडावी म्हणून. दहा पायऱ्या चुकीच्या झाल्यावर वही माझ्याकडे आली तर मी काय करणार? खोडत बसणार."

"झालं तर मग. आम्ही एवढंच करतो. ह्याला अजाइल म्हणतात. सगळं एकदम करायचं नाही. दोन आठवड्यांत होईल एवढा तुकडा करायचा, तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या हातात द्यायचा, ते कुठे अडखळतात ते बघायचं आणि पुढचा तुकडा त्यावरून ठरवायचा. त्या दोन आठवड्यांना स्प्रिंट म्हणतात, आणि दाखवण्याला डेमो."

गुरुजींना हे पटलं, आणि आपण हे छत्तीस वर्षं फुकट करत होतो ह्याचं वाईटही वाटलं.

मग जबाबदाऱ्या वाटल्या गेल्या. रोज संध्याकाळी एक तास सून अ‍ॅप बनवणार. गुरुजी त्याचे धनी, म्हणजे काय हवं आणि आधी काय हवं हे त्यांनी ठरवायचं. ठरल्याप्रमाणे काम चालतंय का, कोणाचं कुठे अडलंय, हे बघायला एक तिसरं माणूस लागे. ते काम काकूंकडे गेलं. त्या ते चाळीस वर्षं बिनपदाचं करतच होत्या.

धन्याचं पहिलं काम चिठ्ठ्या लिहिण्याचं. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि तीही ठरलेल्या साच्यात: एक अमुक म्हणून मला तमुक हवं, म्हणजे माझं ढमुक होईल. गुरुजींनी दोन दिवसांत एकशे बारा चिठ्ठ्या लिहिल्या आणि कपाटाच्या दारावर, फ्रिजवर, फ्रिज भरल्यावर न्हाणीघराच्या दारावर चिकटवल्या. काकू चष्मा लावून वाचत निघाल्या.

"एक विद्यार्थी म्हणून मला रोज तीस बेरजा हव्यात, म्हणजे माझी सवय राहील. एक विद्यार्थी म्हणून मला समासाची रेघ हवी, म्हणजे मला शिस्त लागेल. एक विद्यार्थी म्हणून मला सुट्टीतही अभ्यास हवा..." त्या थांबल्या. "अहो, हे मूल राहतं कुठे? दृष्ट काढायला हवी त्याची."

सुनेची अडचण वेगळी होती. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात महत्त्वानुसार क्रमांक लिहायचा होता. एकशे बाराच्या एकशे बारा चिठ्ठ्यांवर गुरुजींनी 'एक' हाच आकडा घातला होता.

"बाबा, वर्गात सगळ्यांचा पहिला नंबर काढायचात का?"

"शाळेची लाज जाईल."

"मग?"

गुरुजी चार दिवस चिठ्ठ्या वर-खाली करत राहिले. शेवटी वर एकच चिठ्ठी उरली: बेचा पाढा आणि एक बटण. सून म्हणाली, पहिल्या स्प्रिंटमध्ये एवढंच. गुरुजींच्या जिवाचं पाणी पाणी झालं. समोर साडूंचा बेडूक तीसपर्यंत पाढे म्हणत उड्या मारतोय आणि आपण बेचा पाढा घेऊन जगासमोर जायचं? आणि जग म्हटलं की ते नेमकं जिन्यातच भेटतं. साडू काकूंसाठी आणलेली भाजीची पिशवी घेऊन वर येत होते.

"ऐकलं मी," साडू म्हणाले. पंप विकून विकून त्यांच्या आवाजाला एक ओलावा आला होता. "बेचा पाढा ना? छान. सुरुवात तर झाली, गुरुजी."

त्या दिवशी गुरुजी जेवले नाहीत. पोट दुखतंय असं त्यांनी सांगितलं, आणि ते अगदी खोटं नव्हतं.

सकाळची उभी सभाही सुरू झाली, स्वयंपाकघरात, ओट्याशी. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. सून अर्ध्या मिनिटात संपवायची. गुरुजी "काल काय केलं" ह्याची सुरुवात शून्याच्या शोधापासून करत. दुसऱ्या दिवशी सभा चाळीस मिनिटं चालली, दूध उतू गेलं आणि काकूंचे गुडघे बोलायला लागले. तिसऱ्या दिवशी काकूंनी पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं गुरुजींच्या हातात दिलं.

"हे कशाला?"

"हे हातात धरून बोलायचं. हात भरून आले की बोलणं संपलं."

गुरुजींचा काल एका वाक्यात मावला. सुनेने ही युक्ती आपल्या टीमला कळवली, आणि पडद्यावरचे आठही जण काकूंना ओळखायला लागले. गुरुजींना कोणी विचारलं नाही. घरातल्या घरातही माणसाला हेवा वाटू शकतो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

पहिला डेमो गुरुजींच्याच बैठकीच्या खोलीत झाला. इमारतीतली पाच मुलं जमवली होती. सुनेने प्रत्येकाच्या हातात फोन दिला. "मी काही सांगणार नाही," ती मुलांना म्हणाली. "तुम्हीच शोधायचं." मग ती समोर वही घेऊन बसली. गुरुजी मुलांच्या मागे हात पाठीशी बांधून उभे राहिले.

इथे शिक्षकांबद्दल थोडं सांगायला हवं. मूल अडलं की चांगल्या शिक्षकाचा घसा खवखवतो. त्यात लबाडी नसते, तो शरीराचा धर्म असतो. बोट चुकीच्या बटणावर गेलं की गुरुजी खाकरत. बरोबर बटणाकडे वळलं की नाकातून एक लांब, समाधानाचा श्वास सोडत. डावीकडे जायचं असेल तर डावा कान खाजवत, मागे जायचं असेल तर छताकडे बघत. मुलं ह्याच इमारतीत वाढलेली. त्यांना गुरुजींचा घसा पाठ होता. भागाकारात आजवर त्याच घशाने तारलं होतं.

"कमाल आहे," डेमो झाल्यावर सून वहीत बघत म्हणाली. "चार सेकंदांत बटण सापडलं सगळ्यांना. मला वाटलं होतं, ते फार कोपऱ्यात गेलंय."

"मुलं हुशार आहेत," गुरुजी म्हणाले. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

चुकीच्या पहिल्या पायरीवर दुसरी चढली. सगळं इतक्या सहज सापडतंय म्हटल्यावर सुनेने दुसऱ्या स्प्रिंटला आणखी चार बटणं, तीन पानं आणि गुरुजींच्या आग्रहाखातर समासाची रेघ घातली. दोन आठवड्यांनी मुलांना पुन्हा बोलावलं. गुरुजी पुन्हा मागे उभे. आता छत, दोन कान, घसा आणि नाक पुरेना म्हणून ते अधूनमधून एका पायावर भार टाकत. निकाल पुन्हा उत्तम लागला.

आता पुढचा डेमो मोठा करायचा, गुरुजींनी ठरवलं. सोसायटीच्या हॉलमध्ये, वीस मुलं आणि त्यांचे आईवडील बोलावून. आणि साडूंना पहिल्या रांगेत.

"आणि भिंगरी?" काकूंनी विचारलं.

"तिलाही पहिल्या रांगेत. एकदा बघितलं की दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती कुठे असते ते बघ."

हे बोलताना गुरुजींचा आवाज जरा हलला. काकूंनी ते ऐकलं, आणि ह्या खेपेला अर्धंही वाक्य बोलल्या नाहीत.

हॉलसाठी सेक्रेटरींकडे अर्ज करावा लागे. सेक्रेटरी पूर्वी कुठल्याशा खात्यात होते. खातं सुटलं होतं, सवय सुटली नव्हती.

"कार्यक्रमाचा प्रकार लिहा. लग्न, वाढदिवस, सभा की इतर?"

"इतर. अ‍ॅप दाखवायचंय."

"अ‍ॅप पूर्ण झालंय?"

"नाही. अपुरं असतानाच दाखवायचं असतं."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "अपुऱ्या वस्तूची नियमात तरतूद नाही, गुरुजी. उद्या कोणी अर्धं लग्न लावतो म्हणून आलं तर?"

"अर्धवट दाखवलं तर चूक लवकर कळते."

"लग्नातही कळते. तरी आपण पूर्ण लावतो."

शेवटी अर्जाच्या तीन प्रती, दोन सभासदांच्या सह्या आणि "कार्यक्रम अपुरा राहिल्यास सोसायटी जबाबदार नाही" असं हमीपत्र, एवढ्यावर मिटलं. निदान गुरुजींना मिटलं असं वाटलं.

रविवारी सकाळी हॉल भरला. साडू पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसले होते, शेजारी भिंगरी. दातांचे डॉक्टर खास कळवळा घेऊन आले होते. सुनेने वीस मुलांना फोन आणि टॅब वाटले. गुरुजी मुलांच्या मागची आपली जागा घ्यायला निघाले, एवढ्यात सेक्रेटरींनी त्यांना दारात अडवलं.

"तिसऱ्या प्रतीवर सही राहिली आहे."

"मग करतो ना."

"आधी सही, मग कार्यक्रम. चला ऑफिसात. शिक्का तिथे आहे."

शिक्का होता, पण शाईची गादी सुकली होती. सेक्रेटरींनी तिच्यावर पाण्याचे थेंब सोडले आणि ते मुरायची वाट बघत बसले. गुरुजी पंचवीस मिनिटांनी हॉलच्या दारात पोचले, तेव्हा आत अशी शांतता होती जशी गणिताच्या पेपरात शेवटच्या प्रश्नाला असते.

वीसपैकी एकही मूल पहिल्या पानाच्या पुढे गेलं नव्हतं. काही जण बटण शोधत होते. दोघं समासाच्या रेघेवर बोट घासत होते. आणि डेमोला आधी आलेली ती पाच मुलं फोनकडे बघतच नव्हती. ती माना वळवून मागच्या मोकळ्या जागेकडे बघत होती. गुरुजी दिसताच पाचही चेहरे उजळले. एक जण मोठ्यांदा म्हणाला, "गुरुजी आले. आता खाकरतील."

सुनेने गुरुजींकडे पाहिलं. मग वहीतल्या मागच्या दोन पानांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं, हे गुरुजींना कळलं.

"होतं असं," साडू जाताना म्हणाले. "आमचे पहिले पंप पाणी उलटं ढकलायचे." हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की गुरुजींना दोन रात्री ते आठवून घाम फुटला.

सुनेच्या पद्धतीत दर स्प्रिंटनंतर सगळ्यांनी एकत्र बसून तीन गोष्टी बोलायच्या असतात: काय बरं झालं, काय बिघडलं, पुढे काय बदलायचं. कोणावर दोष ठेवायचा नाही. संध्याकाळी काकूंनी ही बैठक भरवली. जेवणाच्या टेबलाभोवती त्या, सून आणि गुरुजी, आणि आज रविवार असल्याने भिंगरीही.

"काय बरं झालं?" काकूंनी विचारलं.

सुनेने वहीची पानं पुढे-मागे उलटली. "पातेलं," सून म्हणाली.

"काय बिघडलं?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "मी सांगत होतो," ते म्हणाले. "मागे उभा राहून. दोन्ही वेळा. मुलांना अडलेलं बघवत नाही मला."

सुनेने वही मिटली. "मीही चुकले, बाबा. पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारलं होतं, हे कोणासाठी आणि त्यांना काय हवंय. तुम्ही उत्तर दिलं नाहीत आणि मी पुढे गेले. एकशे बारा चिठ्ठ्या झाल्या, पण ज्याच्या नावाने लिहिल्या त्याला आपण एकदाही विचारलं नाही." मग ती मुलीकडे वळली. "भिंगरे, तू पाच वाजता समोर जातेस ती बेडकासाठी ना?"

"बेडूक?" भिंगरी म्हणाली. "तो कधीच बंद पडलाय. पाण्यात पडला तो वरच येत नाही. मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून."

गुरुजी दोन महिने एका मेलेल्या बेडकावर जळत होते.

"मग तासभर करतेस काय तिथे?" त्यांनी विचारलं.

"शिकवते. त्या आजोबांना सतराचा पाढा येत नाही. सतरा पाचेला ते नेहमी पडतात. मी त्यांना पायऱ्या करायला लावते आणि दर पायरीला वही बघते." मग जरा थांबून म्हणाली, "इथे मी शिकवावं असं कोणीच नसतं. तुम्हाला सगळं येतं."

छत्तीस वर्षांत असा दोष त्यांना कोणी दिला नव्हता. हे आपलंच रक्त म्हणून छाती फुगत होती, आणि ते रक्त साडूंच्या घरी सांडतंय म्हणून पोटात दुखत होतं. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

काकूंनी तिसरा प्रश्न विचारला. "पुढे काय बदलायचं?"

"अ‍ॅप राहू दे," गुरुजी म्हणाले. "मला एक स्प्रिंट द्या."

दुसऱ्या दिवशी पाचला दहा मिनिटं कमी असतानाच त्यांनी भिंगरीला गाठलं. पेन्सिली तिच्या बाजूला ठेवल्या आणि स्वतः विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसले. "मलाही जरा पाढे विसरायला झालेत," ते म्हणाले. "घे बघू माझे."

"सात आठे?"

गुरुजींच्या कपाळावर घाम आला. ह्या तोंडातून आजवर चुकीचं गणित गेलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात सगळ्या विद्यार्थ्यांची क्षमा मागितली आणि म्हणाले, "चोपन्न."

भिंगरीने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही मुद्दाम चुकताय, आजोबा."

"कशावरून?"

"चुकणाऱ्या माणसाला आपलं बरोबर आहे असं वाटत असतं. तुम्ही उत्तर द्यायच्या आधीच माझ्याकडे बघितलंत." तिने चपला घातल्या. "ते आजोबा खरंखुरं चुकतात."

गुरुजी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. स्कूटरचा हेवा केला होता, फ्रिजचा केला होता, बेडकाचा केला होता. पण माणसाच्या अज्ञानाचा हेवा करायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि ते विकत घेण्याची काही सोय नव्हती.

मग ते उठले, शर्टाची बटणं लावली आणि रस्ता ओलांडून तिच्या मागे तिसऱ्या मजल्यावर गेले. साडूंनी दार उघडलं. पायांत घरातल्या सपाता, हातात रेघांची वही, आणि चेहऱ्यावर गृहपाठ न झालेल्या मुलाची कळा.

"आत या, गुरुजी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण हळू. तास सुरू झालाय."

"हे मागे बसतील," भिंगरी म्हणाली. "बोलायचं नाही."

गुरुजी मागे, कपड्यांच्या घड्या ठेवलेल्या टेबलाशी, छोट्या स्टुलावर बसले. सतराचा पाढा सुरू झाला. सतरा पाचेची खिंड साडूंनी आज कशीबशी ओलांडली. सतरा सकला त्यांनी बोटं मोडली, तरी एकशे दोनवर पोचले. सतरा सातेला मात्र ते थांबले. पेन कानाला लावलं. खिडकीकडे पाहिलं. खोलीत घड्याळ तेवढं बोलत होतं.

गुरुजींचा घसा खवखवला. त्यांनी आवंढा गिळला. दुसरा गिळला. तिसरा गिळायच्या आत ते खाकरून गेले.

"बाहेर," भिंगरी मान न वळवता म्हणाली.

गुरुजी गॅलरीत जाऊन उभे राहिले. एका मुख्याध्यापकाने एकदा त्यांना वर्गाबाहेर बोलावलं होतं, ते सत्कारासाठी. काढलं कोणीच नव्हतं. त्यांनी काचेतून आत पाहिलं. साडू वहीच्या आडून त्यांच्याचकडे बघत होते. जन्मभर स्कूटर, फ्रिज आणि गोड आवाजाने गुरुजींना जाळणारा हा माणूस आता डोळ्यांनी भीक मागत होता: फक्त एकदा कान खाजवा, एकदा छताकडे बघा.

देणं सोपं होतं. दिलं तर साडू जन्मभर उपकारात राहिले असते. गुरुजींचा हात कानापर्यंत गेला. मग त्यांनी साडूंच्या मागे, हाताची घडी घालून थांबलेल्या नातीकडे पाहिलं. तिला घाई नव्हती. तिचा घसा खवखवत नव्हता. ती नुसती थांबली होती, आणि इतकं थांबणं तिला गुरुजींनी शिकवलेलं नव्हतं.

गुरुजींनी हात खाली आणला, काचेकडे पाठ केली आणि रस्त्यावरच्या गाड्या मोजायला लागले.

एकेचाळिसाव्या गाडीला आतून आवाज आला. "एकशे एकोणीस."

"कसे?" भिंगरीने विचारलं.

"एकशे दोन होते. त्यात सतरा."

"शाब्बास."

ही शाब्बास गुरुजींनी हजारो मुलांना दिली होती. आज ती पंप विकणाऱ्या माणसाला मिळाली, आणि गुरुजींच्या बरगडीत कळ आली. तरी ते दाराशी गेले आणि बोट दुमडून त्यांनी काचेवर हळूच टकटक केली.

"बाई, आत येऊ का?"

भिंगरीने मान वळवली आणि त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"घसा?"

"बरा आहे आता."

"मागे बसा," ती म्हणाली. "आणि त्यांच्याकडे बघायचं नाही."